यंदा कंबरदुखीवर व्याख्यान नको : ज्येष्ठ नागरिक संघांना खुलं पत्र

आमच्या तालुक्यातल्या आणि गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांचे अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार आणि सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

१ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन जवळ आला की माझा फोन वाजू लागतो. "ताई, यंदाही कंबरदुखीवर तासभर बोला. आपल्या लोकांना फार आवडतं." यंदा तीन संघांचं बोलावणं आलं. तिघांनाही उत्तर एकच आहे, म्हणून हे पत्र जाहीर लिहिते. उत्तर 'नाही' असं आहे. राग मानू नका. का नाही ते सांगते, आणि त्याच्या बदल्यात मला काय हवंय तेही सांगते.

गेल्या वर्षीचा कार्यक्रम आठवा. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांचे सत्कार झाले, प्रायोजकांचे 'दोन शब्द' पंधरा मिनिटं चालले. मी माइकपाशी आले तोवर मंडळी सव्वा तास प्लॅस्टिकच्या खुर्च्यांत अडकलेली होती. मग मी त्यांना आणखी तासभर बसवून सांगितलं, की एका जागी फार वेळ बसू नये. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतले एक गृहस्थ मात्र भिंतीला टेकून उभे होते. कार्यकर्त्यांनी त्यांना दोनदा खुणेनं खाली बसवलं. अख्ख्या सभागृहात माझं म्हणणं अमलात आणणारा तेवढा एकच माणूस होता.

बाहेर दारात टेबल मांडलेलं होतं. कमरेचे पट्टे, चुंबकाची गादी, कसलंसं थरथरणारं यंत्र, 'फक्त आजच्या दिवस निम्म्या किमतीत'. सगळ्यात मोठी रांग तिथं. चारजणांनी पट्टा हातात धरून मलाच विचारलं, "मॅडम, हा घेऊ का तो?" मांडवाचा खर्च त्या टेबलवाल्यानं उचलला होता हे मला मागाहून कळलं. कार्यवाहांचा दोष नाही, वर्गणीत मांडव उभा राहत नाही. पण मला त्या टेबलाची जाहिरात करायला बोलावलं होतं, हे समजायला मला चहा संपेपर्यंत वेळ लागला.

आता माझं स्वतःचं. मी ३४ वर्षं सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होते. आमच्या भागात तिला 'करंटवाल्या बाई' म्हणतात; माणसं 'करंट घ्यायला' यायची. या काळात किती कंबरा मी ट्रॅक्शनला लावल्या याचा हिशेब नाही. पट्टा आवळायचा, वजन लावून कंबर ताणायची, वीस मिनिटांनी सोडवायचं. मग शेक, मग जेल लावून अल्ट्रासाउंडच्या लहरींचा शेक. घरी निघताना हातात एक कागद द्यायचा : वाकू नका, खाली बसू नका, वजन उचलू नका, कडक अंथरुणावर झोपा. तो कागद मीच लिहिला होता, माझं अक्षर बरं म्हणून. त्याच्याच प्रती वर्षानुवर्षं निघत राहिल्या.

निवृत्तीच्या आधी दोनेक वर्षं एक आजी आल्या. पंचाहत्तरीच्या आसपासच्या, उभा जन्म भांगलणीत गेलेला. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये जपलेला एक कागद काढला. घडीवर फाटलेला, चिकटपट्टीनं सांधलेला, अक्षर माझं. नऊ वर्षं त्यांनी तो पाळला होता. नऊ वर्षं जमिनीला टेकल्या नव्हत्या. गौरीच्या दिवशी सुना खाली बसून नैवेद्य मांडायच्या आणि या खुर्चीतून बघायच्या. एकाही नातवंडाला पाळण्यातून उचललं नव्हतं. "कंबर तशीच दुखती ताई," म्हणाल्या, "पण तुमचा कागद म्या मोडला नाही." मी त्यांना हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायला सांगितलं. उठता आलं नाही. अडवलं ते कमरेनं नव्हे, मांड्यांत जोरच उरला नव्हता. तो जोर माझ्या कागदानं खाल्ला होता.

त्या दिवशी मी तो कागद देणं बंद केलं. नवा कागद लिहायला मात्र वर्ष गेलं, कारण जुना पुसायचा म्हणजे स्वतःचं बरंच काही पुसावं लागतं.

खरं तर त्यातलं बरंचसं फार आधी पुसायला हवं होतं. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी नगरपालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांची कंबर नुकतीच धरलेली. काहींना दोन दिवस अंथरुणात झोपवलं, काहींना कमरेचे व्यायाम दिले, आणि काहींना सांगितलं की सोसेल तशी रोजची कामं करत राहा. सर्वांत लवकर बरे झाले ते हे तिसरे. ती कामकरी वयाची माणसं होती. म्हाताऱ्या शरीराला झोपून राहणं आणखी महागात पडतं. २००७ साली अमेरिकेत निरोगी, सदुसष्टीच्या आसपासच्या माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं, तर पायांतलं जवळजवळ एक किलो मांस झडलं होतं. अवघ्या दहा दिवसांत! आपल्याकडे कंबर धरली की मुलगा-सून मायेनं म्हणतात, "आई, महिनाभर उठायचं नाही हं." कडक अंथरुणाचंही तेच. स्पेनमध्ये ३१३ जणांवर झालेल्या आणि २००३ साली छापलेल्या अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं. आणि मी माणसांना फळीवर झोपवत होते.

मग डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुनाट कंबरदुखीवर, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या आणि मागे दुसरा आजार नसलेल्या कंबरदुखीवर, पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातली 'हे नको'ची यादी वाचताना मी माझ्या जुन्या खोलीतली एकेक वस्तू मनात झाकत गेले. ट्रॅक्शन नको. अल्ट्रासाउंडचा शेक नको. त्वचेवर चकत्या लावून देतात तो करंट नको. कमरेचे पट्टे नकोत. अफूवर्गीय वेदनाशामकं नकोत. 'करा'च्या यादीत नीट आखलेला व्यायाम आहे, दुखण्याची समजूत घालून देणारं शिक्षण आहे, दुखण्याच्या भीतीवर मनाच्या अंगानं काम करणं आहे. मालिशही आहे, बरं का. तेव्हा तेल लावून घेणाऱ्यांना हसू नका. फक्त तेल लावून परत आडवे होऊ नका.

पट्ट्याबद्दल एक खुलासा इथंच करते, नाहीतर उद्या कुणीतरी भलत्याचा पट्टा सोडवेल. मणका मोडला असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल आणि डॉक्टरांनी ठरावीक दिवस पट्टा बांधायला सांगितला असेल, तर तो बांधायचाच. मी बोलतेय ते सकाळी अंघोळ झाली की जानव्यासारखा चढणाऱ्या आणि रात्री उतरणाऱ्या पट्ट्याबद्दल.

मग लोकांना या सगळ्यानं बरं कसं वाटतं? माझ्या लहानपणी कुणाच्या कमरेत उसण भरली की पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस शोधत. तो कमरेला पाय लावायचा आणि दोन-चार दिवसांत माणूस सरळ व्हायचा. पायाळूचा महिमा वाढायचा. गंमत अशी की अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपसूकच सैलावते. उतरणीला लागलेल्या दुखण्याला शेवटी ज्यानं हात, पाय, पट्टा नाहीतर मशीन लावलं, त्याच्या नावावर ते जमा होतं. माझ्याही नावावर असे पुष्कळ जमा आहेत. पायाळू निदान फुकट होता.

अडचण वेगळीच आहे : गेलेली कंबरदुखी परत येते. आणि ते परत येणं लांबवता येतं, हा माझ्या मते गेल्या काही वर्षांतला सर्वांत कामाचा शोध आहे. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. सगळे नुकतेच कंबरदुखीतून उठलेले. निम्म्यांना काहीच दिलं नाही. उरलेल्यांना फिजिओथेरपिस्टनं चालायला लावलं, ज्याला जेवढं जमेल तेवढ्यापासून सुरुवात करून सहा महिन्यांत आठवड्याचे पाच दिवस, रोज अर्धा तास इथवर. सोबत कंबरेविषयी समजावून सांगितलं. काहीच न केलेल्यांपैकी निम्म्यांची कंबर ११२ दिवसांत पुन्हा धरली, चालणाऱ्यांपैकी निम्म्यांची धरायला २०८ दिवस लागले. यंत्र नाही, गोळी नाही, वहाण असली की झालं. कायमचं बरं झालं असं मी म्हणत नाही. पण वर्षातून तीनदा आडवं होण्याऐवजी दीडदा झालं तर म्हातारपणी तो फरक केवढा असतो, हे आपल्याला सांगायला नको.

इथं कुणीतरी वारीचा दाखला देणारच. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणारे सत्तरीचे वारकरी बघा, त्यांची कंबर दुखते का? दुखते, मी विचारलंय. आणि ज्यांना चालवतच नाही ते घरी असतात, आपल्याला दिसत नाहीत. पण रोज दहा किलोमीटर रानात चालणाऱ्याला वारी झेपते, एरवी पारावर बसून राहणाऱ्याला वारीच्या आधी आठ दिवस उत्साह येतो आणि तो दिवेघाटात बसतो, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. हळूहळू वाढवायचं असतं.

आता 'रिपोर्टा'कडे येऊ. आपल्या कट्ट्यावर साखर किती आणि मणक्यात गॅप किती, यावर मानपान ठरतो. "माझी चौथी-पाचवी गादी गेलीय." "माझी नस दबलीय." काहीही दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय पाहणाऱ्या अनेक अभ्यासांचा २०१५ साली एकत्र हिशेब मांडला गेला. विशीतल्या धडधाकट माणसांत ३७ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या चकत्या, म्हणजे आपल्या 'गाद्या', झिजलेल्या, ऐंशीच्या माणसांत ९६ टक्क्यांच्या. फुगलेली चकती ऐंशीच्यांत ८४ टक्क्यांना. पुन्हा सांगते, यांतल्या कुणाचीही कंबर दुखत नव्हती. म्हणजे तुमच्या रिपोर्टात लिहिलंय ते खोटं नाही, पण ते बऱ्याचदा पिकलेल्या केसांसारखं आहे. केस पिकलेत म्हणून डोकं दुखतं असं आपण म्हणत नाही. रिपोर्ट बघून पाय गळालेली माणसं मी दुखण्यानं गळालेल्यांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

मात्र एका जागी मी हे सगळं हसणं बाजूला ठेवते, आणि संघांनीही ठेवावं. लघवी किंवा शौचावरचा ताबा अचानक गेला, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पायातला जोर दिवसागणिक कमी होऊ लागला, तर तो त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जाण्याचा मामला आहे. उद्या नाही. 'सोमवारी ओपीडी असते' नाही. ताप येतोय, वजन उतरतंय, रात्री पडून असतानाही दुखणं थांबत नाही, पूर्वी कर्करोग होऊन गेलाय, अशांनी व्यायामाला येण्याआधी डॉक्टरांना दाखवायचं. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून आहे आणि तो महिनोन्‌महिने साधी कंबरदुखी म्हणून चोळला जातो. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, वेळेत पकडला तर माणूस चालता राहतो.

आणि मोडलेला मणका. त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तो आपल्या सहलींत मोडतो. म्हातारपणी, विशेषतः बायकांची हाडं भुसभुशीत झालेली असतात. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणाऱ्यांची तर जास्तच, आणि कुठल्याशा बुवाच्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड असतं हे घेणाऱ्याला माहीतही नसतं. अशा माणसाला पडावं लागत नाही. बस गतिरोधकावरून उडते, मागच्या सीटवरचा माणूस वीतभर वर जाऊन खाली आदळतो, पाठीत कळ येते. घरी म्हणतात उसण भरली. चोळतात. माझ्याकडे अशा एक बाई तीन आठवडे चोळून घेऊन आल्या होत्या. क्ष-किरणात मणका पुढून पाचरीसारखा दबलेला. पाठीला हळूहळू बाक येतो, उंची कमी होते, पदर जमिनीला लागू लागतो, आणि आपण म्हणतो वय झालं. एक मणका दबला की दुसरा दबायचा धोका वाढतो. म्हणून तिथं हाडांची घनता तपासून औषध सुरू करायचं असतं, आणि ते औषध असतं, हे कितीजणांना ठाऊक आहे?

२६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी मोफत झाली, ही फार चांगली गोष्ट झाली. माणसं घराबाहेर पडली. पण तुमच्या अष्टविनायक सहलीत मी दरवर्षी बघते, पुढच्या सीटा पदाधिकाऱ्यांच्या आणि मागचा बाक उशिरा पोचलेल्यांचा. उशिरा पोचतात ते हळू चालणारेच. माझी विनंती, की मागच्या चाकाच्या मागची एकही सीट सत्तरीवरच्या माणसाला देऊ नका. तिथं अध्यक्षांच्या बॅगा ठेवा. आणि दीड तासानं गाडी थांबवून सगळ्यांना खाली उतरवा, दर्शन थोडं उशिरा होईल.

मणक्याच्या दुखण्याची दुसरी एक जात आहे, जिला आपल्यात 'नाटकं' म्हणतात. चालायला लागलं की दोनशे पावलांवर पोटऱ्या भरून येतात, पाय जड होतात, थांबावंच लागतं. जरा पुढे वाकून बसलं की पाच मिनिटांत मोकळं. पुन्हा दोनशे पावलं. हाच माणूस सायकलवर मळ्यापर्यंत आरामात जातो, भाजीचा गाडा ढकलत बाजार पालथा घालतो. मग लोक म्हणतात, सायकल चालते आणि पाय चालत नाहीत होय? पण तेच त्या आजाराचं लक्षण आहे. मणक्यातला नसांचा बोगदा वयानं अरुंद होतो, ताठ उभं राहिलं की तो आणखी आवळतो, पुढे वाकलं की सुटतो. (पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या तरी असंच होतं, पण तिथं नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो. विडी-सिगारेटवाल्यांनी आणि साखरवाल्यांनी डॉक्टरांकडून पायाची नाडी बघून घ्यावी.) अशा माणसाला चालणं बंद करायला सांगणं म्हणजे त्याला घरात कोंडणं. त्याला पाहिजे असतं बाकडं, दर दोनशे पावलांवर.

बाकड्यांचं तर तुमच्या हातात आहे. आपल्या बागेत मी मोजली, चौदा बाकडी आहेत. प्रत्येकावर कुणा ना कुणाचं 'स्मरणार्थ'. चौदाही एका गोलात, एकमेकांकडे तोंड करून. आणि बाजारपेठेपासून बस स्थानकापर्यंतच्या रस्त्यावर, दवाखान्याच्या वाटेवर, पोस्टाच्या दारात एकही नाही. बाकडी म्हणजे पाटासारखी बुटकी, हाताला आधार नाही. बसलेल्या म्हाताऱ्याला उठवायला दुसरा म्हातारा लागतो. पुढच्या वेळी कुणी देणगी घेऊन आलं की नगरपालिकेला पत्र द्या : बाकडं रस्त्याच्या कडेला, सावलीत, गुडघ्याइतक्या उंचीचं, दोन्ही बाजूंना हात असलेलं. वडिलांचं नाव बागेपेक्षा तिथं जास्त लोक वाचतील.

गोळ्यांबद्दल फार लिहीत नाही, ते डॉक्टरांचं काम. एवढंच, की औषधाच्या दुकानातून 'दोन पिवळ्या, दोन पांढऱ्या' मागून खाणं बंद करा. रक्तदाबाची गोळी आणि लघवी होण्याची गोळी चालू असताना वरून वेदनाशामक पडलं की मूत्रपिंडावर तिहेरी मार बसतो. जठराचं वेगळंच. आणि ड जीवनसत्त्वाची आठवड्याला घ्यायची पुडी डॉक्टरांनी आठ आठवडे सांगितली असेल तर आठच. मला पाच वर्षं अखंड घेणारे भेटलेत, त्याचाही अतिरेक विषासारखा होतो.

सरकारबद्दल संघांच्या बैठकीत बोलणं होतंच, म्हणून एक मुद्दा तिथं मांडण्यासाठी देते. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानं मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत, त्यांना एकरकमी ३,००० रुपये. उपकरणांच्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची आहे, आणि लंबर बेल्ट, म्हणजे कमरेचा पट्टाही आहे. त्याच्या दोनच महिने आधी जागतिक आरोग्य संघटना ज्याला नको म्हणाली, तोच. त्याच योजनेत योगोपचार केंद्राचाही उल्लेख आहे, पण अर्ज भरून देणाऱ्या कुणाकडून मी तो ऐकलेला नाही. आपण सभासदांचे अर्ज भरून देता, तेव्हा चष्मा आणि कमोड खुर्ची पुढे सरकवा. म्हातारा पडतो तो अंधुक दिसण्यानं आणि शौचालयातून उठताना, आणि मणका मोडतो तो पडल्यावर. सत्तरीवरच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून पाच लाखांपर्यंतचं आयुष्मान कवच आहे, तेही दाखल झाल्यावरचं. म्हणजे कमरेची शस्त्रक्रिया त्यात बसू शकते, बारा आठवड्यांचा व्यायाम बसत नाही. हे उलटं आहे असं माझं मत आहे, आणि फेस्कॉमसारख्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या महासंघानं ते मंत्रालयात जाऊन म्हणावं.

तोवर तो बारा आठवड्यांचा व्यायाम मी देते.

व्याख्यानाच्या एका तासाऐवजी मला तुमचं सभागृह आठवड्यातून दोनदा हवं, चाळीस मिनिटं, बारा आठवडे. एका वेळी वीस माणसं, पंचवीस झाली तरी चालवून घेईन. माइक नको. हात असलेल्या खुर्च्या भिंतीला टेकवून लावायच्या, म्हणजे सरकत नाहीत. फरशीवर प्लॅस्टिकची खुर्ची मागे पळते आणि माणूस आपटतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाची हजेरी वेगळ्या पद्धतीनं घेईन : हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या बाईला अकरा आणि पुरुषाला बारा जमायला हवेत, असा अमेरिकेतला ठोकताळा आहे. आपल्यातले निम्मे आठ-नऊवर थांबतील. लाजू नका, आकडा वहीत लिहायचा आणि बाराव्या आठवड्यात परत मोजायचा.

बाकी सगळं घरातलंच आहे. ओट्याला धरून टाचा उचलणं. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणं, लहान मुलं पूल करतात तसं. रांगायच्या स्थितीत एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करणं. नातवंडं हसतात, हसू द्या. आणि कळशी. पहिल्या आठवड्यात रिकामी कळशी जमिनीवरून उचलून ठेवायची. मग तांब्याभर पाणी घालून, मग दोन तांबे. वजन उचलू नका असं मीच सांगितलं होतं ना, आता मीच उचलायला शिकवणार आहे. शेवटी खाली बसणं : आधी पाटावर दोन उशा, मग एक, मग नुसता पाट, आणि कुणाचा हात न धरता उठणं. गुडघ्यांनी ज्यांना खरंच नाही म्हटलंय त्यांना वेगळं देईन. मधल्या दिवशी चालायचं, दोघादोघांनी. एकट्यानं चालायला लावलं की चौथ्या दिवशी पाऊस येतो, जोडीदार दारात उभा असला की येत नाही. आणि पत्नी गेल्यापासून जे बाहेर पडलेले नाहीत, कंबर दुखते म्हणून येत नाही असा निरोप पाठवतात, त्यांच्या दारात अध्यक्षांनी स्वतः उभं राहायचं. त्यांची कंबर नुसती कंबरेमुळे दुखत नसते.

थोडं दुखेल. व्यायाम करताना जरा दुखलं आणि रात्रीपर्यंत निवलं, तर बिघडलं काही नाही. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल तर दोन पावलं मागे जायचं. मुळीच दुखणार नाही असं वचन टेबलवाले देतात, मी देणार नाही. माझीही कंबर दुखते, हे पत्र मी तीनदा उठून लिहिलं. ते टेबल तेवढं या बारा आठवड्यांत दारात नको. मांडवच नसल्यामुळे त्याच्या खर्चाचा प्रश्नही येणार नाही.

मानधन नको, शाल-श्रीफळ नको. अल्पोपाहार ठेवायचाच असेल तर शिऱ्याऐवजी मटकीची उसळ ठेवा, स्नायूंना तिचा उपयोग आहे.

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेसात. तिन्ही संघांपैकी ज्यांचं सभागृह तळमजल्यावर आहे त्यांच्याकडे पहिली तुकडी. सकाळी किल्ली कुणाकडे असते आणि ते गृहस्थ किती वाजता उठतात, तेवढं कळवा.

आपली,
करंटवाली बाई (निवृत्त)